बरोबर आहे, पूस

पूसमास्तरांच्या तासाला बरोबर उत्तर फळ्यावर टिकत नसे. पहिल्याच दिवशी मी गणित सोडवलं, खडू ठेवला आणि शाबासकीची वाट बघत उभी राहिले. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "बरोबर आहे. पूस." मी बघतच राहिले. "अगं, पूस. येतंय ते ठेवून काय करायचं? आता दुसऱ्या रीतीनं कर." चुकलेलं गणित मात्र ते कुणालाही पुसू देत नसत. त्याच्याभोवती चौकट आखून म्हणत, "इथं घोडं पेंड खातंय. याला हात लावू नका." सायकलवरून मालाडहून येणाऱ्या या माणसाचं आडनाव शाळा आठवडाभरात विसरली आणि पूसमास्तर हेच नाव राहिलं.

मी तेव्हा बोरिवलीच्या शाळेत आठवीत होते. पाचवीपासून माझा पहिला नंबर एकदाही हुकला नव्हता. त्या पहिल्या नंबराचं शाळेनं काय केलं, ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. वह्या मी तपासायच्या, शुद्धलेखन मी घालायचं, पाचवीच्या बाई आल्या नाहीत की पाचवीचा वर्ग मी सांभाळायचा. बाकीच्या मुली वर्गात बसून शिकत आणि मी शाळा चालवत असे! सगळ्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं, त्यामुळे मला ते भूषण वाटे. माझे वडील, अण्णा, फोर्टातल्या आपल्या कचेरीत सांगत, "आमच्या मालतीला शिकवावं लागत नाही."

एके दिवशी गणिताच्या तासाला मी जागेवर दिसले नाही म्हणून मास्तर शोधत आले. मी पाचवीला पाढे म्हणायला लावत होते, हातात बाईंची छडीसुद्धा होती. त्यांनी ती छडी काढून घेतली आणि मला घेऊन तडक हेडमास्तरांपुढे उभे राहिले.

"हिला कोण शिकवतं?" त्यांनी विचारलं.

"हिला काय शिकवायचंय?" हेडमास्तर हसले. "हुशार मुलगी आहे, आपली आपण शिकते."

"मग हजेरीपटातून हिचं नाव काढा आणि मास्तरांच्या यादीत घाला. ढ मुलाला शिकवलं नाही तर ते नापास तरी होतं, आपल्याला कळतं. हुशार मुलाला शिकवलं नाही तर कुणाच्या बापाला कळत नाही!"

मला त्यांचा भयंकर राग आला. माझी पाचवी गेली होती.

त्याच दिवशी त्यांनी मला एक गणित घातलं. कुठलीही संख्या घ्यायची, तिचे आकडे उलटे लिहायचे, मोठीतून लहान वजा करायची. जे उरेल त्याला नऊनं भाग जातो. का? मी दुसऱ्या दिवशी दोनशे वजाबाक्या करून नेल्या. "ही दोनशे उदाहरणं झाली," ते म्हणाले. "'का' कुठाय?" आठ दिवस मला काही सुचेना. जेवण जाईना. शेजारच्या बाकावरची शालिनी खूश होऊन म्हणाली, "मालती, तुझी वाट लागली गं!" नवव्या दिवशी तांदूळ निवडताना एकदम दिसलं: दहा घ्या, शंभर घ्या, हजार घ्या, नऊनं भागलं की मागे एकच उरतो. म्हणजे आकडा कुठल्याही घरात बसवला तरी नऊला फरक पडत नाही! मी सूप टाकून उठले आणि ओरडले. आई म्हणाली, "काय झालं गं, विंचू चावला?" तसा आनंद मला पुढे फार थोड्या वेळा झाला. मास्तरांनी शाबासकी दिली नाही. "आता तुला कळलं, न येणं म्हणजे काय असतं," एवढंच म्हणाले आणि दुसरं गणित घातलं.

सहामाहीला त्यांनी माझ्यासाठी वेगळा पेपर काढला. आधी विचारलं होतं, "अवघड असेल. चालेल ना?" मी ऐटीत मान डोलावली. शंभरात एकतीस मिळाले. पहिला नंबर शालिनीचा आला आणि घरी सुतक पडावं तशी शांतता पसरली.

अण्णा रजा टाकून शाळेत आले. "मास्तर, माझ्या मुलीचं वाटोळं करायला ठेवलंय का तुम्हाला?" हेडमास्तर बहुधा याचीच वाट बघत होते. त्यांनी मला बोलावून सगळ्यांसमोर विचारलं, "खरं सांग, हे तुला शिकवतात का?"

मला सूप आठवलं. तांदूळ आठवले. तरी मी म्हणाले, "नाही. नुसतं पुसायला लावतात."

मला वाटलं, मास्तर आता भडकतील. हजेरीपटाच्या वेळी भडकले होते तसे. ते शांतपणे म्हणाले, "चूक माझी आहे. ही तेरा वर्षांची आहे, हे माझ्या लक्षात राहिलं नाही." हेडमास्तरांनी ते लगेच कागदावर उतरवून घेतलं.

त्या शांतपणाचा मला अजून राग येतो. माझा खोटेपणा त्यांनी आपल्या अंगावर का घेतला? का नाही म्हणाले, ही लबाड बोलतेय? अण्णांचा राग येतो, हेडमास्तरांचा येतो. स्वतःचा येतो तो मात्र इतक्या वर्षांत कमी झालेला नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मास्तर शाळेत नव्हते. कुठे गेले, कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पाचवीच्या बाई आजारी पडल्या तेव्हा पाचवी पुन्हा माझ्याकडे आली. वार्षिक परीक्षेत मी पहिली आले, अण्णांनी चाळीत पेढे वाटले. त्यानंतर अकरावीपर्यंत त्या शाळेत मला एकही गणित अडलं नाही. अडेल असं कुणी घातलंच नाही.