खडूचे स्लीपर

५ सप्टेंबर २०२५, शुक्रवार. लोणावळा. सकाळी उघडीप. दुपारी नवलाख उंबरे गावच्या कॉलेजातली डॉक्टर तेजल आली. ती मेंदूच्या आजारांवर संशोधन करते.

माझ्या यजमानांनी नोकरीभर घाटातले रूळ चालत तपासले. म्हातारपणी पार्किन्सन्समुळे त्यांचे पाय घरातच थबकू लागले. मग मी बाहेरच्या खोलीच्या फरशीवर खडूने, रुळांखालच्या स्लीपरसारख्या, आडव्या रेघा ओढल्या आणि हे त्यांवरून झपाझप चालले. ते पाहायला तेजलच्या कॉलेजची मुलं येत. गेल्या शिक्षकदिनी मुलांनी ह्यांना शाल पांघरवली.

"कसला सर? माझ्या वर्गात नुसते स्लीपर!" हे हसले होते.

जूनमध्ये हे गेले. रेघा पुसल्या तर ह्यांची चालही जाईल, म्हणून मी तिथे पाणी लागू दिलं नाही.

तेजलने रेघांपाशी गुलाब ठेवला आणि टेपने अंतर मोजून घेतलं.

"आजी, आमच्या पेशंटांसाठी अशाच पट्ट्या आखतेय. सरांच्याच पावलाच्या."

"अगं, ते फार भरभर चालायचे. तुझे पेशंट धापा टाकतील."

"टाकू देत. सरांच्या वर्गात आहेत ना!"

संध्याकाळी बाहेरच्या खोलीची फरशी ओल्या फडक्याने पुसली.