साहेब बदलला की दगड रंगवायचे

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी प्रकल्पाला मी जो विषय घेतला, त्यावरून कॉलेजात आणि गावात दोन्हीकडे वाईट झालं. विषय होता नौदलाच्या विमानशाखेच्या प्रमुखपदाचा इतिहास. हे मोठे साहेब गोव्यात बसतात. समुद्रावरून उडणारी नौदलाची विमानं, हेलिकॉप्टरं, ती उडवणाऱ्यांचं प्रशिक्षण आणि सुरक्षितता, हे सगळं त्यांच्याकडे असतं.

विषय का घेतला, हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. माझा धाकटा चुलता त्यांच्या गोव्यातल्या तळावर नोकरीला होता. विमान उभं राहिलं की चाकांना अडसर लावायचा, ते ओढून शेडमध्ये न्यायचं, असलं काम. आमच्या गावात घरटी एक फौजी आहे, पण सगळे पायदळातले. माजी सैनिकांच्या हॉलमध्ये चुलत्याला कुणी फौजी धरत नाही. विमानात बसायचं तर हवाईदलात जायचं, पाण्यात जायचं तर बोटीवर, ह्यो गडी दोन्हीकडनं गेला, असं त्याच्या तोंडावर म्हणतात. तो हसतो आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतो. मला वाटलं, तो ज्यांच्या हाताखाली होता त्या पदाचा इतिहास लिहिला, तर त्याच्या नोकरीलाही थोडं वजन येईल.

कऱ्हाडच्या कॉलेजात मला जे मार्गदर्शक सर मिळाले त्यांना विषय पहिल्यापासून पसंत नव्हता. घरासमोर साखर कारखाना असताना गोव्याला कशाला जातोस, म्हणाले. मी हट्ट धरला. पहिलं प्रकरण दिलं तेव्हा त्यांनी ते दोन बोटांनी धरून परत केलं. त्यात माझी चूक होतीच. साताऱ्याच्या गादीचा इतिहास शाळेत जसा शिकलो, तसाच मी हाही लिहिला होता. अमक्यानंतर तमका, त्याच्यानंतर त्याचा दुय्यम. सरांनी लाल शाईने लिहिलं, ‘ही गादी नाही.’ मग शोधताना कळलं की खरंच तसं नसतं. माणूस जहाजावरून येतो, थोडी वर्षं बसतो, दुसरीकडे जातो. पद तेवढं राहतं. आधी तर हे पदही नव्हतं. विमानं आधी कोचीला आली, पोर्तुगीज गेल्यावर गोव्याची धावपट्टी मिळाली. कारभार दिल्लीतून चालायचा आणि समुद्रावर गेल्यावर जहाजाच्या कप्तानाच्या हाती असायचा. विमानं वाढली तसा एकाच अधिकाऱ्याच्या हाती सगळं देणं भाग पडलं. त्याच्याकडेच गोव्याच्या नौदल क्षेत्राची जबाबदारीही आली.

हे सगळं सुधारून दिलं, तरी सर म्हणाले, “हे नेटवर आहे. तुझं यात काय आहे?” तिथं काम केलेल्या एका तरी माणसाची साक्ष आण, नाहीतर जेमतेम पास करीन, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. जेमतेम गुणांवर पहिला वर्ग येणार नव्हता आणि पहिल्या वर्गाशिवाय विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळणं अवघड होतं. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मीच पहिला. मला एम.ए. करायचंच होतं.

चुलता आता कुपवाडला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे. आधी त्याने मला दोनदा हाकलून लावलं. मग एका सुट्टीच्या दिवशी गोठ्यात वैरण टाकताना स्वतःच बोलायला लागला, तेही रागाने.

“सायेब बदलला की दगडं रंगवायची. धावपट्टीच्या रस्त्याकडंची. एकाला पांढरी पायजेत, दुसऱ्याला पिवळा पट्टा पायजे. विमानाखाली राबणारी पोरं आमी, हातात ब्रश घिऊन बसायचो. तुला इतिहास पायजे न्हवं? त्यातला एक दगूड खरवडून बघ. एकाखाली एक सगळं सायेब निघतील.”

मी ते जसंच्या तसं लिहिलं, त्याचं नाव न घालता. सर पहिल्यांदाच खूश झाले. हे पहिल्या पानावर घे, म्हणाले.

इथवर ठीक होतं. पण आमच्या गावात एक रीत आहे. फौजेबद्दल काहीही लिहिलं, मग ते हुतात्मा स्तंभावरचं असो की लग्नपत्रिकेतला हुद्दा, ते आधी हॉलमध्ये माजी सैनिकांतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या सुभेदारांसमोर वाचून दाखवायचं. मला कुणी बोलावलं नव्हतं. मीच गेलो, आणि चुलत्यालाही आग्रहाने घेऊन गेलो. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मी उभं राहून वाचायला लागलो. दगडांचं आलं तसे मागच्या बाकावरचे दोघं फिसकन हसले. मग सगळा हॉल हसला.

सुभेदार हसले नाहीत. ते चुलत्याकडे बघून शांतपणे म्हणाले, “म्हंजे आमी बर्फात हुतो तवा तू दगडं रंगवीत हुतास व्हय रं?”

मी म्हणालो, आवं, तसं न्हाई, त्याचं काम वेगळं हुतं. जेवढं समजावलं तेवढं ते हसत गेले. चुलता उठला, पायात चपला घातल्या आणि निघून गेला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी डेअरीवर एकजण त्याला म्हणाला, “काय पेंटर, आमची भिंत कवा करताय?” तेच नाव पडलं. मग तो दूध घालायला चुलतीला पाठवायला लागला. कामावर जाताना पारावरून न जाता ओढ्याकडच्या कच्च्या वाटेनं गाडी घालायचा.

एका संध्याकाळी त्याने मला अंगणात गाठलं.

“काढ ते.”

“काका, सर गुण देणार न्हाईत.”

“न्हाई दिलं तर न्हाई. माझ्या तोंडाला काळं फासून तुझी डिग्री व्हायची असंल तर नापास हो.”

मलाही राग आला होता. मी म्हणालो, “खोटं हुतं का ते?”

“खरं हुतं म्हणूनच काढ.”

त्यानंतर घरात कुणी माझ्याशी धड बोललं नाही. वडील एवढंच म्हणाले की शिकून भावाभावात लावून दिलीस. सरांना सांगितलं तर ते चिडले. संशोधन आणि घर एकत्र करणाऱ्यांनी संशोधन करू नये, असं बाकीच्या मुलांसमोर बोलले. चुलत्याचा आणि सरांचा मला सारखाच संताप आला होता, तरी ते पान काढलं आणि उरलेलं बांधून दिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, यासाठी कुणाला भेटलात का? शेजारी बसलेले सर माझ्याकडे रोखून बघत होते. अजूनही सांगता आलं असतं.

“नाही सर. कुणी भेटलं नाही.”

“मग हे घरी बसून कुणालाही लिहिता आलं असतं,” परीक्षक म्हणाले आणि प्रकल्प बाजूला ठेवला.

दुसरा वर्ग आला. एम.ए.चा प्रवेश गेला. निकाल लागला तेव्हा चुलता घरासमोर गाडीला किक मारत होता. मी सांगितलं. “पास हाईस न्हवं? मग झालं,” म्हणाला आणि कुपवाडला गेला.

मी आता कऱ्हाडात एका दुकानात हिशेब बघतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरायचा म्हणतो. गाव चुलत्याला अजून पेंटरच म्हणतं. मी ते पान काढलं हे गावात कुणाला माहीतच नाही. आणि सांगायला गेलो, तर त्यात काय होतं ते पुन्हा वाचून दाखव म्हणतील.