परत मोठं होत नाही

"उजवं दाबा, सर. समदं तिथंच हाय."

माउसवर बोट ठेवून, मान तिरकी करून तो हे दिवसातून दहा वेळा म्हणायचा. मला ते ऐकवत नसे. कोल्हारच्या शाळेत मी मुख्याध्यापक, तो कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर. मूळचा खर्ड्याकडचा. आईबाप ऊसतोडीला आले आणि हा इकडेच राहिला. खिशाला चार पेनं, चालणारं एकही नाही. असे नमुने तुम्हीही पाहिले असतील. दोन गोष्टी येतात आणि तोरा शास्त्रज्ञाचा.

त्याचा सगळा पराक्रम म्हणजे उजवं बटण दाबल्यावर उघडणारी यादी. जशी फाईल, तशी यादी त्याने करून ठेवली होती. दाखल्यावर दाबलं की 'दोन प्रती छापा'. जुन्या फॉन्टमधल्या पत्रावर दाबलं की 'वाचता येईल असं करा'. फोटोवर दाबलं की 'लहान करा. परत मोठं होत न्हाई.'

"शाळेच्या कॉम्प्युटरवर 'न्हाई'?" मी त्याला सगळ्या शिक्षकांसमोर झापलं. "मराठी शिकवतो मी इथे!"

"कुनी चुकून दाबू नये म्हनून लिवलंय, सर. येकदा ल्हान केलं का मूळ जातंय."

"आधी शुद्ध लिही."

त्याने माझ्यादेखत 'नाही' केलं. पुढे कित्येक दिवस स्टाफरूममध्ये 'उजवं दाबा' म्हणून हशा पिकायचा. सगळ्यात मोठ्याने मी हसायचो.

मुलांच्या जन्मतारखा असलेल्या जनरल रजिस्टरांना वाळवी लागली, तेव्हा एका उन्हाळ्यात त्याने पान न् पान स्कॅन केलं. "दुसरी डिस्क द्या, सर, येक जादा परत काढून ठिवतो," असा अर्जही दिला. तो माझ्या खणात पडून राहिला. वाळवी लागलेले कागद आम्ही जाळून टाकले.

तो रजेवर असताना संस्थेने एका पानाची प्रत मागितली. फाईल मोठी म्हणून मेल जाईना. आता याला फोन करून विचारायचं? मी? फोल्डरमध्ये रजिस्टरांची पानं होती, शाळेचे फोटो होते. मी सगळं एकदम निवडलं, उजवं दाबलं, 'लहान करा' केलं. मीच शुद्ध करून घेतलेली ओळ डोळ्यांसमोर होती.

पानं तिकिटाएवढी झाली. अक्षरांच्या जागी मुंग्या.

चौकशीला आलेल्यांना मी म्हणालो, "यानेच मशीनशी खेळ केलेत. या याद्या बघा." त्यांना यादीतलं ओ की ठो कळत नव्हतं. माना मात्र डोलावल्या.

"सर, म्या न्हवतो त्या दिशी."

"पण यादी कुणाची?"

तो माझ्याकडे बघत राहिला. कोणी केलं ते त्याला कळलं होतं. तरी गप्प. त्याच संध्याकाळी त्याला काढलं. त्या गप्प बसण्याची मला आजही चीड येते. ओरडला असता तर मी कदाचित कबूल केलं असतं. हेही खोटंच. नसतं केलं. स्वतःबद्दल मला जे वाटतं, त्याला माझ्या शुद्ध मराठीत शब्द नाही.

गेल्या महिन्यात त्याच्या मुलीचा खर्ड्याहून फोन आला.

"सर, आमचे वडील गेले. घरात त्यांचा येकबी फोटो न्हाई. कायम दुसऱ्याचेच काढायचे. गॅदरिंगचा येक तुमच्याकडं असंल म्हनं. दहाव्याला मोठा करून लावायचाय."

होता. शाळा सोडताना ते फोल्डर मी पेनड्राइव्हवर घेऊन आलो होतो. का, ते विचारू नका. फोटो उघडला. काळ्या स्क्रीनच्या मधोमध तिकिटाएवढी चौकट. मागच्या रांगेत, कडेला तो. चेहरा म्हणजे तीन-चार ठिपके. खिशाच्या जागी आणखी एक.

"घावला का, सर? मोठा व्हईल ना?"

मी उजवं दाबलं. माझ्या कॉम्प्युटरवर नुसतीच इंग्रजी यादी उघडली.

"परत मोठं होत न्हाई, बाळ," मी म्हणालो. "मीच ल्हान केलाय."