मातामायसमोर चिप वाजलीच नाही

यंदा संक्रांतीनंतरच्या रविवारी गडचिरोलीला दहा किलोमीटरची शर्यत आहे, हे कळल्यावर मी लगेच दोन नावं नोंदवली. एक माझं, दुसरं सुमनताईचं. तिला विचारलंसुद्धा नाही. सुमनताई माझी मावसबहीण, धानोऱ्याजवळच्या गावात अंगणवाडी सेविका. वय अठ्ठेचाळीस. फोन केला तर म्हणाली, "मी काऊन पळू? माझ्यामागं का वाघ लागला?" पण दुसऱ्या दिवशी तिनंच परत फोन केला, "बूट कोनते घ्याचे, सांग."

नागपूरहून शनिवारी सकाळची एसटी पकडली. नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करत गडचिरोलीला पोचायला चार-साडेचार तास धरा. बायांना अर्धं तिकीट, म्हणून स्वतःची गाडी काढायच्या भानगडीत मी पडत नाही. ब्रह्मपुरीला बस थांबते तिथे तर्री-पोहे खाऊन घ्या, पण शर्यतीला जात असाल तर तर्री कमी घ्या. मी नाही घेतली कमी, आणि भोगलंही. आरमोरीच्या पुढे धानाची शेतं रिकामी झालेली होती, बांध्यांमध्ये लाखोरीच्या डाळीचं पीक हिरवंगार उभं होतं. खिडकीतून बघत बसायला छान रस्ता आहे.

ताई धानोऱ्याहून आधीच येऊन बसली होती. मुक्काम तिच्या मैत्रिणीकडे. जेवायला लाखोरीची डाळ, भात आणि वांग्याची भाजी. लॉजमध्ये राहणार असाल तर आठवडाभर आधी फोन करून ठेवा, शर्यतीच्या शनिवारी खोल्या मिळत नाहीत.

संध्याकाळी मैदानावर जाऊन नंबर आणि चिप घेतली. चिप म्हणजे बटणाएवढी चकती, बुटाच्या नाडीत ओवायची. रस्त्यात तीन ठिकाणी चटया अंथरलेल्या असतात: सुरुवातीला, पाच किलोमीटरवर जिथून परत फिरायचं त्या वळणाला आणि शेवटी. पाय चटईवर पडला की यंत्र वाजतं आणि चिपची नोंद होते. हे सगळं मी ताईला मोठ्या अनुभवी थाटात समजावलं. तिनं ऐकून घेतलं.

सकाळी थंडी मरणाची. सुटल्या सुटल्या ताई दिसेनाशी झाली. तिच्या गावची घरं विखुरलेली, या टोलीवर, म्हणजे वस्तीवर, एक, त्या टोलीवर एक. पोरांची वजनं घ्यायला ती वर्षानुवर्षं पायीच फिरत आली आहे, तिला दहा किलोमीटरचं काय कौतुक. मी चौथ्या किलोमीटरला धापा टाकत होते तेव्हा ती समोरून परत येताना दिसली. एका बुटाची नाडी लोंबत होती. "ताई, नाडी बांध," मी ओरडले. ती हसली आणि गेली.

रस्ता मात्र सुंदर होता. दोन्ही बाजूंना साग आणि मोह, पाण्याच्या टेबलांवर गावातल्या बाया, लिंबू-मीठ, गूळ. वळणावर मोठं मोहाचं झाड होतं, त्याच्यासमोर चटई. माझी चिप वाजली, मी वळले.

मी पोचले तेव्हा ताई पंचेचाळीसच्या वरच्या बायांमध्ये पहिली आल्याचं मैदानावर सगळे बोलत होते. अन् तेवढ्यात माइकवरून आवाज आला: वळणावर नोंद नसलेले धावपटू बाद, त्यांनी शॉर्टकट मारला आहे. पुढे नंबर वाचले. त्यात ताईचा नंबर होता. आजूबाजूचे लोक तिच्याकडे बघायला लागले. त्यात धानोऱ्याकडचे, ताईच्या गावचेही चार लोक होते.

ताईचा चेहरा पडला. "पह्यला नंबर नको देऊ म्हना," ती मला म्हणाली, "पन चोर काऊन म्हनून राह्यले? उद्या मले त्याच गावात पोरं शिकवाची आहेत."

आम्ही टायमिंगवाल्यांच्या टेबलाशी गेलो. तिथला माणूस सभ्य होता, बाहेरगावचा. म्हणाला, "मॅडम, मशीन खोटं बोलत नाही. वळणावर तुमची चिप आलीच नाही."

"मी आली, पन बूट पायात नोते," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"मोहाखाली मातामाय आहे ना, आमची देवी. तिच्यासमोरून पायात घालून कशी जाऊ? बूट काढले, काखेत मारले, हात जोडले अन् पळाली. पुढं जाऊन घातले."

तो यादी वर-खाली करू लागला. वळणावर नोंद नसलेल्या बाया सगळ्या आसपासच्या गावांतल्या होत्या. मागे उभी असलेली एक जण हळूच म्हणाली, "मीबी काढले होते, भाऊ."

"पण चिप तर तुमच्याजवळच होती," तो म्हणाला.

ताईनं तिथंच बूट काढले. "घे, काखेत धर अन् जा तुह्या चटईवरून."

माणूस खरंच गेला. शेवटच्या चटईवरून, बूट काखेत दाबून. यंत्र गप्प. मग त्यानं बूट चटईवर ठेवले. यंत्र वाजलं. तो परत आला आणि म्हणाला, "चूक आमची झाली, ताई. चटई तिथं टाकायलाच नको होती. निकाल दुरुस्त करतो."

"शॉर्टकट माइकवरून म्हटलं होतं," ताई म्हणाली. "तेबी माइकवरूनच सांग."

त्यानं सांगितलं, अगदी कारणासकट. ताईच्या गावच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी तर रडलेच, लपवत नाही. माझ्या ताईचा एवढा अभिमान मला आयुष्यात वाटला नव्हता. वळणाची वेळ अंदाजानं भरू का, असं त्यानं विचारलं, तर ती म्हणाली, "नाई. तिथं रिकामंच राहू दे."

आता मी नागपुरात आहे. पोटऱ्या अजून दुखतात. खरं सांगते, त्या मोहाखाली मातामाय आहे हे मला दिसलंसुद्धा नव्हतं; मी बूट घालून तिच्यासमोरून गेले आणि चिप वाजल्याचा आनंद मानला. निकालाची पानं ऑनलाइन आली आहेत. माझे सगळे रकाने भरलेले आहेत. ताईच्या नावापुढे पहिला क्रमांक आहे आणि वळणाच्या वेळेचा मधला रकाना रिकामा आहे. ऑफिसात कुणी शर्यतीचं विचारलं की मी तो रिकामा रकाना दाखवते.