पिवळ्या किनारीचा सत्कार

आत्माराम खासनीस झिंडेलफिंगेनच्या मोटार कारखान्यात दारांच्या बिजागऱ्या तपासत, पण जीव त्यांचा टपालात. वडील मालवणला पोस्टमास्तर होते. त्यामुळे जर्मनीतली बाकीची मराठी मंडळी कॅमेरे आणि रेडिओ जमवू लागली, तेव्हा खासनीसांनी महायुद्धातल्या लष्करी टपालाची, म्हणजे फेल्डपोस्टची, गणवेशावरची चिन्हं जमवायला घेतली. कॉलरचे तुकडे, लिंबासारख्या पिवळ्या किनारीच्या खांद्यावरच्या पट्ट्या. नाझींच्या गरुडाबिरुडाला ते हात लावत नसत. अख्ख्या युद्धात पत्रं पोचवणारं हेच काय ते सोवळं खातं, अशी त्यांची श्रद्धा.

आणि नशीब बघा, गल्लीच पोस्टवाल्यांची निघाली. साल १९६१. युद्धात काय करत होता, असं विचारलं की बेकरीवाला म्हणे फेल्डपोस्टात, न्हावी म्हणे फेल्डपोस्टात, आणि घरमालक एबर्ले तर डोळे मिटून म्हणत, “अहो, पोस्टात. फक्त पोस्टात.” खासनीसांचा ऊर भरून येई.

“अहो, सगळेच पोस्टात होते, तर बंदुका कोण चालवत होतं?” स्नेहलताबाईंनी पोळ्या लाटता लाटता विचारलं.

“तुला पोस्टाचा पसारा माहीत नाही.”

बाईंना खरी काळजी घराची होती. करार महिनाअखेर संपत होता, एबर्ल्यांना खोल्या पुतण्याला द्यायच्या होत्या, आणि परदेशी कुटुंबाला दुसरं घर मिळणं कठीण. दुसरा कुणी वाइनची बाटली घेऊन मालकाकडे गेला असता. खासनीसांनी सत्कार ठरवला. आपल्याकडे माणूस नुसता साठीला पोचला तरी त्याला शाल-श्रीफळ मिळतं, मग हे टपालवीर कोरडे का राहावेत? चर्चच्या सभागृहाची आमंत्रणं गेली, येताना गणवेशाची एखादी आठवण आणावी अशी विनंतीही गेली. नारळ मिळेनात, म्हणून अननस आणले. गल्लीची मात्र झोप उडाली. जाऊ नये तर लोक शंका घेणार, जावं तर आठवण आणायची कुठून?

आले सगळे. एबर्ल्यांनी कागदातून खांद्याची पट्टी काढली. बटणाखाली कसर लागलेली. हीच पट्टी गेल्या शनिवारी श्टुटगार्टच्या जुन्या बाजारात खासनीसांनी उलटसुलट करून टोपलीत परत ठेवली होती. बेकरीवाल्याच्या आणि न्हाव्याच्या हातातला मालही त्याच टोपलीतला. बायकोच्या प्रश्नाचं उत्तर रांगेत समोर बसलं होतं.

“तुमचीच ना?” त्यांनी विचारलं.

एबर्ल्यांचा चेहरा पार पडला. याला कळलंय, हे त्यांनाही कळलं.

“हो,” ते म्हणाले. मग बुटांकडे बघत, “आता तुमची.”

खासनीसांच्या डोळ्यांसमोर खोल्यांत शिरणारा पुतण्या आला, रस्त्यावर ठेवलेल्या आपल्या ट्रंका आल्या. त्यांनी शाल उलगडली आणि एबर्ल्यांच्या खांद्यावर नीट बसवली. टाळ्या इतक्या पडल्या की थांबेनात.

दुसऱ्या दिवशी एबर्ले स्वतः वर आले आणि पाच वर्षांच्या करारावर सही करून गेले. पोस्टाचं नाव कुणी काढलं नाही. खासनीसांनी पट्टी काचेच्या पेटीत ठेवली, पण खाली कुणाचं नाव लिहावं ते सुचेना.

दुपारी दारात एबर्ल्यांचे मेव्हणे उभे राहिले. ते युद्धभर म्हणे लष्करी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. पोस्टवाल्यांना शाली मिळतात, तर त्यांच्या खात्याचा विचार कधी होणार?

स्नेहलताबाईंनी त्यांना आदरानं आत बसवलं आणि बटाट्यांची पाटी व सुरी समोर ठेवली.