मंगळवारचा सराव

घोडपदेवला माझ्या बहिणीच्या घरी आठवड्याचे वार वाटून दिलेले आहेत. सोमवार तिच्या यजमानांचा, मंगळवार तिचा, गुरुवार दोघांचा, शनिवार मारुतीचा म्हणून सगळ्यांचा. ज्याचा वार त्याने मांसमच्छी खायची नाही असा नियम. पण खोली एक आणि शेगडी एक, त्यामुळे एकाचा वार सगळ्यांचा होतो. उरतात बुधवार, शुक्रवार आणि रविवार. गिरणगावातल्या बऱ्याच कोकणी घरांत हेच चालते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. मलाही वाटले नव्हते. भाची पोलीस भरतीसाठी धावू लागली तेव्हा मी त्याकडे पहिल्यांदा नीट पाहिले.

तिची ही दुसरी खेप होती. पहिल्या खेपेला आठशे मीटरच्या धावण्यात इतके कमी गुण मिळाले की ती लेखी परीक्षेपर्यंत पोचलीच नाही. आता वयाची मर्यादा जवळ आली होती. तिसरी संधी मिळणार नव्हती. लोअर परळच्या एका मॉलमधली कपड्यांच्या दुकानातली नोकरी तिने सरावासाठी सोडली होती. बहिणीने आपल्या हातात जे होते ते केले. गणपतीला नवस बोलली की भरती होईपर्यंत मायलेकी दर मंगळवारी उपास करतील.

परळच्या मैदानावर मुलींचा सराव घेणारे सर निवृत्त हवालदार होते. त्यांच्या आखणीत सगळ्यांत कठीण दिवस मंगळवारचा होता. चारशे मीटरची जोरात फेरी, थोडे थांबायचे, पुन्हा फेरी, मुली खाली बसेपर्यंत. नवस आणि सराव एकाच वारी आले, हे कोणी ठरवून केलेले नव्हते.

मी पुष्कळ वर्षे वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. आरोग्याचे पान माझ्याकडे असे, आणि सकाळी परळहून वरळीच्या समुद्रापर्यंत धावण्याची मला सवय आहे. त्यामुळे नात्यात कोणाचा पाय दुखला की मला विचारायची रीत पडली होती. प्रत्यक्षात मला जे थोडे कळते ते पानावरून आलेले नाही. धावायला लागलो तेव्हा घरी परतल्यावर चहात दोन बटर बुडवून मी ऑफिसला जाई आणि दुपारी मथळा देताना पोटरीत गोळा येई. धावताना स्नायूला बारीक इजा होत असते. ती भरून येते नंतर, खाण्यातून आणि झोपेतून. आल्यावर फार वेळ न घालवता पोहे आणि अंडे, किंवा आंबोळी आणि उसळ खाल्ली की दुसऱ्या दिवशी जिना सोपा जातो, एवढे मला अनुभवाने समजले होते.

भाची जिना आडव्या अंगाने उतरताना दिसली तो बुधवार होता. एक हात कठड्याला, तोंड भिंतीकडे, खेकड्यासारखी.

"काय गो, नवीन व्यायाम?" मी विचारले.

"मामा, हसू नको. नडगी फुटतेय असं वाटतं."

वर खोलीत बहीण बांगडे साफ करत होती. फळीवर देव्हाऱ्याशेजारी प्रोटीन पावडरचा मोठा काळा डबा होता. मैदानावरच्या मुलींनी वर्गणी काढून तो आणला होता आणि भाचीच्या वाट्याला तो त्या आठवड्यापुरता आला होता.

"डबा तिथे का ठेवला?" मी विचारले.

"देवाच्या नजरेसमोर ठेवलाय. त्यात काय काय घातलंय, त्यालाच ठाऊक," बहीण म्हणाली.

"आई, दुधाचीच पावडर आहे ती. उपासाला चालते."

"दुधाची असती तर एवढ्या दिवसांत नासली असती, बाय."

मी मंगळवारची हकिकत विचारून घेतली. पहाटे मैदान. साडेसातला परत. नंतर काय खाल्लेस, तर काही नाही. पूजा झाल्याशिवाय उपासाचेही काही तोंडात घालायचे नाही. बहीण सकाळी आधी नळाचे पाणी भरते, यजमान रात्रपाळीहून येतात त्यांचे जेवण बघते, मग आंघोळ, मग पूजा. तोवर बारा वाजतात. नंतर साबुदाण्याची खिचडी एक बशी. संध्याकाळी दिवा लावल्यावर उपास सोडायचा.

म्हणजे सगळ्यात जास्त धावण्याच्या दिवशी मुलगी सकाळभर उपाशी बसून आईच्या पूजेची वाट पाहत होती, आणि मग जे खात होती त्यात स्नायूला लागणारे फारसे काही नव्हते.

मी तसे म्हणालो. बहिणीने सुरी खाली ठेवली.

"दादा, तू सांगूच नको. तुझ्या पेपरात कधी अंडं वाईट, कधी अंडं चांगलं. दोन्ही तूच छापलंस ना?"

दोन्ही मीच छापले होते.

"उपास सोड असं मी म्हणत नाही," मी म्हणालो. "उपासाला वरीचे तांदूळ चालतात, दाण्याची आमटी चालते, दही चालतं. ते सकाळी आल्या आल्या मिळालं तर..."

"आणि पूजा?"

"तिच्यासाठी जरा आधी."

"पाणी तू भरायला येशील?" ती म्हणाली. मग आवाज खाली आला. "शब्द दिलाय मी. मधेच त्यात ढिलाई केली आणि उद्या ही राहिली, तर मी कोणाला विचारू? मला धावता येत नाही, दादा. मी एवढंच करू शकते."

मी चपला घातल्या. जिन्यापर्यंत सोडायला भाची आली तेव्हा मी तिला विचारले, तुला काय वाटते?

"मी खाल्लं आणि नापास झाले, तर आई मला काही म्हणणार नाही. मनात ठेवेल. तेच नको मला."

पुढच्या आठवड्यात नडगीवर बोट टेकले तरी ती ओरडू लागली. सरांनी डॉक्टरकडे पाठवले. हाड शाबूत होते. पण दुखणे थांबेपर्यंत धावायचे नाही, नाहीतर भरतीच्या दिवशी उभे राहता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. पंधरवडाभर चालणे, भरपूर खाणे आणि झोप. खाण्यापेक्षा झोपेवरून घरात जास्त बोलणी झाली. बहिणीच्या मते दिवसा झोपणे हे आजारी माणसाचे किंवा आळश्याचे काम. "भरती तोंडावर आलीय आणि ही दुपारची पाय ताणून!" असे ती गॅलरीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणे.

भाची पुन्हा मैदानावर जाऊ लागल्यानंतरचा एक मंगळवार मी पाहिलेला नाही. बहिणीने सांगितला तसा देतो. भाची गुडघ्याची पट्टी घरी विसरली, म्हणून बहीण पाणी भरणे शेजारणीवर टाकून मैदानावर गेली. तिने लेकीला धावताना तोवर कधी पाहिले नव्हते. फेऱ्या संपल्या. मुली झाडाखाली बसल्या आणि त्यांनी डबे उघडले. कोणाकडे अंडी, कोणाकडे केळी, कोणाकडे चपातीत गुंडाळलेली उसळ.

"सगळ्या पोरी खात होत्या," बहीण फोनवर म्हणाली. "माझी बाटलीचं झाकण लावत होती, काढत होती."

मग म्हणाली, "मी सरांना विचारलं, मंगळवारचं बुधवारी नाही का करता येणार? तर म्हणतात, ताई, चोर पळताना वार बघत नाही."

त्यानंतरच्या सोमवारी तिने आंघोळीपुरती एक बादली राखून ठेवली. मंगळवारी पाणी यायच्या आधी, अंधारातच पूजा केली. भाची मैदानावर गेली तेव्हा तिच्या पिशवीत वरीचा भात, दाण्याची आमटी आणि दह्याचा वेगळा डबा होता. नवस होता तसाच राहिला. बुधवारी भाची जिना सरळ उतरली. पुढचे काही आठवडे हे असेच चालले. नडगी अधूनमधून दुखे, पण थांबवत नसे.

मैदानी चाचणीची तारीख आली. वार मंगळवार.

आदल्या संध्याकाळी मी तिथे होतो. उन्हात किती तास ताटकळावे लागेल ते माहीत नव्हते. भाचीने आईकडे पाहिले. बहीण तांदूळ निवडत होती.

"उद्या तुझा उपास मी करते," ती मान वर न करता म्हणाली.

"तू तर तुझा करतेसच."

"मग दोन्ही करते. पाणीसुद्धा नाही घेणार संध्याकाळपर्यंत. तू अंडं खाऊन जा."

"मंगळवारी? घरात?"

"घरात कशाला? शेजारी सांगून ठेवलंय."

सकाळी अंडी शेजारणीच्या खोलीत उकडली आणि भाचीने ती तिथेच उभ्याने खाल्ली. बहीण आणि मी मैदानाबाहेरच्या फुटपाथवर बसलो. आत फोन नेता येत नव्हता. ऊन वर आले. मी पाण्याची बाटली पुढे केली. बहिणीने ती बाजूला ठेवली आणि फाटकाकडे बघत राहिली. दुपार व्हायच्या बेताला भाची बाहेर आली. छातीवरचा नंबर तिने अजून काढलेला नव्हता.

"धावण्यात पूर्ण मिळाले," ती म्हणाली. "गोळाफेकीत थोडे गेले. लेखीला बसता येईल, सर म्हणाले."

बहिणीने तिचा चेहरा पाहिला, मग पाय पाहिले. "दुखतात?"

"दुखतात."

"आधी खा." तिने डबा उघडून तिच्या मांडीवर ठेवला.

घरी पोचल्यावर भाची चटईवर आडवी झाली आणि बोलता बोलता झोपली. बहिणीने पंखा वाढवला, टीव्ही बंद केला आणि दार लोटून ती गॅलरीत आली. तिथे मुलांचा क्रिकेटचा डाव रंगला होता. तिचे ओठ कोरडे पडले होते, संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता.

"तिकडे जाऊन खेळा रे," ती दबक्या आवाजात म्हणाली. "पोरगी झोपलीय."

कोणीतरी विचारले, बरे नाही का तिला?

"बरं आहे," बहीण म्हणाली. "धावून आलीय."