स्पीकरच्या पेटीची मागची फळी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काही केलं असेल तर वाल सोलले. मोड आलेले वाल, सकाळच्या बिरड्यासाठी. मी चार सोलायचो नि एक मोडायचो. शेवटी बायको म्हणाली, "ऱ्हाव द्या. तुमी तुमचं खोकं वाजवा जा."

खोकं म्हणजे माझा वॉल्वचा अँप्लिफायर. जुना. चालू केला की काचेच्या नळ्या आधी निखाऱ्यासारख्या लाल होतात, मग आवाज येतो. त्याच्या स्पीकरचा कागद उंदरांनी खाल्ला, म्हणून नवा स्पीकर शोधत होतो. पनवेलच्या दुकानदारानं आधी रबरी काठाचा वजनदार स्पीकर दिला. तो हललाच नाही. वॉल्वचा जोर कमी, त्याला हलका कागद लागतो. मग जुन्या धर्तीचा एक मिळाला. पातळ, कडक कागद, मध्ये लहानसा दुसरा कागदी भोंगा. जाड-बारीक सगळा आवाज त्या एकातूनच. मी शिकलेला नाही, पण हे मला अजून खरं वाटत नाही. हाताएवढा कागद, आणि त्यातून ढोलकी पण निघते, बाईचा गळा पण.

पेटी मी घरीच सागाची ठोकली. मागची फळी कापून ठेवली होती, लावायची बाकी होती. त्या संध्याकाळी पेटी तशीच उघडी बाहेरच्या खोलीत ठेवली, रेडिओ जोडला. बातम्या लागल्या.

आणि स्वयंपाकघरात बायकोनं झटकन डोक्यावर पदर घेतला.

"अवो, पावना आलाय तं सांगाचं नाय?" दबक्या आवाजात माझ्यावरच खेकसली.

मी हसत सुटलो. रेडिओ आहे म्हटल्यावर ती उठून आली, पेटीकडं बघितलं, पेटीच्या मागं पण वाकून बघितलं. "म्हाताऱ्याला कामधंदा नाय," म्हणाली. पदर मात्र खाली घेतला नाही.

बातम्या संपून गाणं लागलं. मी फळी मागून दाबून धरली. ढोलकीला वजन आलं. मला वजन आवडतं.

"आता तुमचा पावना भाताच्या कनगीत जाऊन बसला," ती म्हणाली. "काढा ती फळी. मानसाला दम घ्याला नको?"

"उंदीर घुसतील."

"मग तुमी राखा. दुसरं काय करता घरात बसून?"

"उद्या लावणार म्हणजे लावणार," मी म्हणालो.

रात्री ती झोपली ती झोपलीच. सोललेले वाल पाण्यात तसेच राहिले.

तेराव्यानंतर माणसं पांगली. एका संध्याकाळी, बोललो होतो म्हणून फळी लावली, स्क्रू आवळले. ढोलकी झकास. पण बातम्या देणारा खरंच कणगीतून बोलत होता. मला ढोलकी नको होती. ज्याच्यासाठी तिनं पदर घेतला, तो माणूस मला घरात परत पाहिजे होता, आणि मीच त्याला कोंडला होता. फळी काढायचीही भीती वाटली. कागद सर्दला असला तर? नाहीतर त्या दिवशी तिलाच तसं ऐकू आलं असलं तर?

स्क्रू काढले. फळी भिंतीला टेकवली. खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो, लुंगी गुडघ्यावर.

बातम्या देणाऱ्यानं बोलण्याआधी श्वास घेतला. तो मला ऐकू आला. पान उलटलं, ते ऐकू आलं. एका लांबलचक नावाला अडखळला, आवंढा गिळला. तो पेटीत नव्हताच. पेटीच्या पुढं, माझ्यासमोर बसला होता. वॉल्व मी बसवलेत, तारा मी जोडल्यात, पेटी मी ठोकलीय, मला सगळं ठाऊक. तरी माझे पाय आपोआप खाली आले आणि मी लुंगी नीट केली.

स्वयंपाकघराकडं बघितलं. पाहुण्याला चहा विचारणारं कोणी नव्हतं. बातम्या संपेपर्यंत मी जागचा हललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फळी कोयत्यानं फोडली आणि परसातल्या चुलीत घातली. साग तो, चांगला पेटला. कडकडीत पाण्यानं आंघोळ केली, पनवेलला गेलो आणि उंदरांचा पिंजरा आणला.